जुनी ब्रिटिश गाडी ऑइल का गाळते, आणि जपानी का गाळत नाही

१९६९ साली मोटरसायकलच्या बाजारात दोन गाड्या समोरासमोर आल्या. एक ट्रायम्फ बॉनव्हिल टी१२०. कॉव्हेंट्रीजवळच्या मेरिडनमध्ये बनणारी, ६४९ सीसी, दोन सिलिंडर, चार गिअर, किक मारून सुरू होणारी, पुढे ड्रम ब्रेक. दुसरी होंडा सीबी७५०. ७३६ सीसी, चार सिलिंडर, पाच गिअर, बटन दाबलं की सुरू, पुढे डिस्क ब्रेक. बॉनव्हिल १९५९ चं मॉडेल म्हणून आली तेव्हा तिची ताकद ४६ बीएचपी सांगितली जायची. होंडाची होती ६७. अमेरिकेत होंडाची किंमत ठेवली होती १,४९५ डॉलर, म्हणजे ब्रिटिश गाड्यांच्या गिऱ्हाइकालाच हाक मारणारी.

तेव्हापासून जुन्या गाड्यांचे शौकीन जमले की वाद ठरलेला. एक म्हणतो, ब्रिटिश गाडीला जीव असतो, जपानी गाडी नुसतं यंत्र. दुसरा म्हणतो, तुझी गाडी उभी राहते तिथे डाग पाडते, माझी तीस वर्षं हेड न उघडता चालली. दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे. फक्त त्याचं कारण कुठल्या देशाच्या स्वभावात शोधायची गरज नाही. ते इंजिनाच्या आत, क्रँकच्या (पिस्टनची वरखाली हालचाल गोल फिरवणाऱ्या दांड्याच्या) रचनेत आणि त्या क्रँकभोवतीच्या पेटीच्या, म्हणजे क्रँककेसच्या जोडात सापडतं. इंजिन उघडून बघितलं की वादातला बराचसा धूर निघून जातो, म्हणून आपण तेच करू.

दोन पिस्टन, एकत्र वर, एकत्र खाली

ब्रिटिश ट्विनची, म्हणजे दोन सिलिंडरच्या गाडीची, गोष्ट १९३७ च्या ट्रायम्फ स्पीड ट्विनपासून सुरू होते. ट्रायम्फचे डिझायनर एडवर्ड टर्नर यांनी ४९८ सीसीचं इंजिन बनवलं: दोन सिलिंडर शेजारी शेजारी, आणि दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर जाणारे, एकाच वेळी खाली येणारे. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट, आलटून पालटून, त्यामुळे ठोके समान अंतराने पडतात. एका कार्बोरेटरवर काम भागतं, ठिणगी देणारा मॅग्नेटो सोपा राहतो, आणि सगळं इंजिन एका सिलिंडरच्या गाडीच्या चासीत बसेल इतकं आटोपशीर. त्या काळाच्या मानाने ही विलक्षण हुशारी होती. युद्धानंतर बीएसए, नॉर्टन, एजेएस, मॅचलेस, रॉयल एनफिल्ड, सगळ्यांनी याच वाटेने ट्विन काढल्या.

या रचनेची किंमत मात्र दोन ठिकाणी मोजावी लागते.

पहिली म्हणजे थरथर. दोन्ही पिस्टन एकत्र हलतात म्हणजे तोलाच्या हिशेबात तो एकच मोठा पिस्टन झाला. क्रँकवर उलट बाजूला वजन ठेवून त्याला आवरता येतं, पण पूर्ण नाही. पिस्टन फक्त वरखाली जातो आणि क्रँकवरचं वजन गोल फिरतं, त्यामुळे वरखालीचा धक्का जितका कमी करावा तितका पुढेमागे धक्का तयार होतो. म्हणून कारखाने साधारण अर्ध्यावर तडजोड करायचे. हा धक्का फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मिनिटाला ४,००० फेऱ्यांवरून ६,००० वर गेलात तर फेरे दीडपट झाले, धक्का सव्वादोन पट. त्यात इंजिन ५०० वरून ६५० वर, ६५० वरून ७५० वर नेलं की पिस्टन जड होतात. टर्नर यांनी ५०० सीसीसाठी आखलेली रचना चाळीस वर्षं ताणली गेली, आणि प्रत्येक ताणाला थरथर वाढत गेली. मग नट सैल होतात, बल्ब जातात, मडगार्डचे पाय तडकतात.

नॉर्टनने यावर फार सुंदर उपाय काढला. १९६७ साली दाखवलेल्या कमांडोमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं चाक एका गटात जोडून तो अख्खा गट रबरावर टांगला. त्याला आयसोलॅस्टिक म्हणतात. थरथर इंजिनात राहते, चालवणाऱ्यापर्यंत येत नाही. हळू चालताना गाडी डुलते आणि थोडा वेग घेतला की एकदम गुळगुळीत होते. ब्रिटनच्या मोटर सायकल न्यूज या साप्ताहिकाच्या वाचकांनी कमांडोला सलग पाच वर्षं वर्षातली सर्वोत्तम गाडी ठरवलं. पण हेही लक्षात घ्यायला हवं की मूळ आजार तसाच राहिला होता, फक्त तो अंगाला लागेनासा झाला.

दुसरी किंमत ऑइलची, आणि तिच्याकडे शौकिनांचं लक्ष कमी जातं. दोन्ही पिस्टन खाली येतात तेव्हा खालच्या क्रँककेसमधली जागा एकदम साडेसहाशे सीसीने कमी होते. वर जातात तेव्हा तितकीच वाढते. ६,००० फेऱ्यांवर हे सेकंदाला शंभर वेळा घडतं. म्हणजे इंजिनाचा खालचा भाग सायकलच्या पंपासारखा काम करतो, आणि त्या पंपात हवेबरोबर ऑइल आहे. ही हवा बाहेर सोडायला ब्रीदर लागतो. ट्रायम्फने त्यासाठी इनलेट कॅमशाफ्टच्या टोकाला फिरणारी छोटी चकती बसवली होती, जी बरोबर वेळेला उघडते आणि मिटते. चकती झिजली, ब्रीदरची नळी चेपली किंवा रिंग घासून वरचा गॅस खाली यायला लागला, की दाब जिथे वाट मिळेल तिथून निघतो. जोडातून, पुशरॉडच्या (खालून वरचे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या दांड्यांच्या) नळ्यांच्या सीलमधून, टॅपेटच्या टोप्यांतून.

होंडाच्या चार सिलिंडरमध्ये बाहेरचे दोन पिस्टन वर असतात तेव्हा आतले दोन खाली असतात. खालची एकूण जागा जवळजवळ तेवढीच राहते. हवा इकडून तिकडे सरकते, बाहेर ढकलली जात नाही. तोलही याच कारणाने जमतो: वर जाणारे दोन आणि खाली येणारे दोन एकमेकांना मारक ठरतात. उरते ती बारीक, दुप्पट वेगाची गुणगुण, जी हातांना मुंग्या आणते पण नट सैल करत नाही.

मग यामाहा का गाळत नाही?

इथवर वाचून वाटेल की दोष टर्नर यांच्या क्रँकचा. तसं असतं तर गोष्ट सोपी होती. पण यामाहाने १९७० च्या सुमारास बाजारात आणलेली एक्सएस६५० बघा. ६५३ सीसी, दोन सिलिंडर, दोन्ही पिस्टन एकत्र वर, एकत्र खाली. म्हणजे टर्नर यांचाच क्रँक. ती थरथरतेही ब्रिटिश ट्विनसारखीच. पण ऑइल गाळण्यासाठी ती बदनाम नाही. मला ही गाडी या सगळ्या वादातली सर्वात मोलाची साक्षीदार वाटते, कारण तिच्यामुळे दोन प्रश्न वेगळे होतात. थरथर क्रँकच्या रचनेतून येते. ऑइलचा डाग मुख्यतः केस कशी जोडली आहे त्यातून येतो.

ब्रिटिश ट्विनची क्रँककेस उभी दुभागलेली असते. डावा अर्धा, उजवा अर्धा, मधोमध जोड. हा जोड इंजिनाच्या तळातून, म्हणजे ऑइल साठतं त्याच भागातून जातो. शिवाय त्यावर बसणाऱ्या सिलिंडरच्या तळाचा पृष्ठभाग दोन अर्ध्यांनी मिळून बनतो, आणि ते दोन अर्धे जराही वरखाली झाले की तिथलं गॅस्केट (जोडात बसवायचा पातळ पत्रा) कधीच नीट बसत नाही. प्रायमरी चेनचं कव्हर वेगळं, टायमिंगचं कव्हर वेगळं, रॉकरच्या पेट्या वेगळ्या, पुशरॉडच्या नळ्या वेगळ्या. प्रत्येक जोड म्हणजे ऑइलला एक दार.

जपानी कारखान्यांनी केस आडवी दुभागली. वरचा अर्धा, खालचा अर्धा. क्रँक आणि गिअरचे शाफ्ट जोडाच्या रेषेत आडवे ठेवायचे, वरून झाकण घालायचं, बोल्ट आवळायचे. तळाला ऑइल साठतं तिथे दोन अर्ध्यांचा जोड येत नाही, आणि सिलिंडर ज्यावर बसतो तो पृष्ठभाग अखंड एका तुकड्याचा. आणखी एक फायदा असा की क्रँकला हव्या तितक्या ठिकाणी आधार देता येतो. ट्रायम्फ ट्विनचा क्रँक दोन टोकांना दोन बेअरिंगवर फिरतो, मध्ये काही नाही. सीबी७५० च्या क्रँकला पाच बेअरिंग आहेत. ट्रायम्फने जेव्हा तीन सिलिंडरची ट्रायडंट काढली तेव्हा उभ्या केसमध्ये मधले आधार बसवायला केसचे तीन तुकडे करावे लागले, म्हणजे जोड आणखी वाढले.

ऑइलची टाकी वेगळी असते म्हणून ब्रिटिश गाडी गाळते, असंही ऐकू येतं. तेही पुरतं खरं नाही. सीबी७५० लाही ऑइलची वेगळी टाकी आहे, बाजूच्या पॅनेलजवळ. फरक पंपातल्या झडपेचा. ब्रिटिश गाडी बरेच दिवस उभी राहिली की टाकीतलं ऑइल पंपाच्या झडपेतल्या झिजलेल्या बॉलमधून हळूहळू क्रँककेसमध्ये उतरतं. किक मारल्यावर पिस्टन ते ढवळतात आणि ब्रीदरमधून बाहेर फेकतात. मालक घाबरतो, सगळी गॅस्केटं बदलतो आणि डाग तसाच राहतो. खरं काम असतं त्या बॉलची जागा साफ करून नीट बसवण्याचं.

आता आडवी केस चांगली हे ब्रिटिशांना कळत नव्हतं का? कळत होतं. पण अशी केस बनवायची तर दोन्ही अर्धे एकत्र आवळून बेअरिंगच्या सगळ्या जागा एका रेषेत अचूक बोअर कराव्या लागतात, आणि लाखोंच्या संख्येने सारख्याच कराव्या लागतात. त्यासाठी नवी आणि महाग यंत्रं लागतात. सोइचिरो होंडा यांनी १९५२ पासून पुढच्या दोनेक वर्षांत ४५ कोटी येनची परदेशी यंत्रं मागवली, तेव्हा त्यांची कंपनी इतकी लहान होती की हा पैसा तिला बुडवू शकला असता. ब्रिटिश कारखान्यांत जुन्या यंत्रांवर काम चालू राहिलं, आणि उरलेला फरक फिटरच्या हातांनी भरून काढला जायचा. चांगल्या फिटरने बांधलेली ट्रायम्फ कोरडी राहते, आजही राहते. शुक्रवारी संध्याकाळी घाईत बांधलेली राहत नाही. होंडाच्या गाडीचं कोरडेपण कोणी बांधली यावर अवलंबून नसायचं.

टर्नर स्वतः १९६० साली जपानला जाऊन होंडा, सुझुकी आणि यामाहाचे कारखाने बघून आले आणि तिथली यंत्रसामग्री बघून हादरले. त्यांनी अहवालही लिहिला. त्यावर हालचाल झाली नाही. तोवर छोट्या गाड्यांचा बाजार जपान्यांना सोडून द्यायचा आणि मोठ्या गाड्यांवर नफा कमवायचा, अशी ब्रिटिश कंपन्यांची रीत पडली होती. आधी १२५ सोडलं, मग २५०, आणि १९६९ ला सोडायला जागाच उरली नाही. १९७५ साली ब्रिटिश सरकारसाठी बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुपने केलेल्या अभ्यासात या माघारीचीच मांडणी आहे. बीएसए त्याआधीच बुडाली होती. मेरिडनच्या कामगारांनी १९७३ मध्ये कारखाना ताब्यात घेतला, नंतर सहकारी तत्त्वावर १९८३ पर्यंत चालवला. त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. मोडकळीला आलेल्या यंत्रांवर त्यांनी आणखी काही वर्षं बॉनव्हिल जिवंत ठेवली.

फेरे जास्त, पण पिस्टन सावकाश

जपानी इंजिन जास्त फेरे घेतं, म्हणून ते लवकर झिजणार, असं जुने लोक म्हणायचे. हिशेब करून बघू. बॉनव्हिलचा बोअर (सिलिंडरची रुंदी) ७१ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची एका दिशेची धाव) ८२. प्रत्येक फेऱ्याला पिस्टन दोनदा ८२ मिलिमीटर धावतो. ६,५०० फेऱ्यांवर त्याचा सरासरी वेग सेकंदाला साधारण १७.८ मीटर होतो. सीबी७५० चा बोअर ६१, स्ट्रोक ६३. तिची पूर्ण ताकद ८,००० फेऱ्यांवर येते, आणि तिथे पिस्टनचा वेग निघतो १६.८ मीटर. म्हणजे होंडाचं इंजिन दीड हजार फेरे जास्त घेऊनही तिचा पिस्टन सावकाश चालतो. शिवाय प्रत्येक पिस्टन लहान आणि हलका. वरती पुशरॉडऐवजी हेडमध्येच कॅमशाफ्ट, त्यामुळे व्हॉल्व्ह वेगातही वेळेवर मिटतात.

मग आवाजाचं आणि जोराचं काय? ब्रिटिश ट्विन कमी फेऱ्यांवर ओढते, लांब स्ट्रोक आणि जड फ्लायव्हील असल्याने प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येतो, आणि घाटात टॉप गिअर न बदलता चढण चढण्यात जी मजा आहे ती आकड्यांत येत नाही. बॉनव्हिलचं इंजिन मला आजही जगातल्या सर्वात देखण्या इंजिनांपैकी एक वाटतं.

आणि वळणावर ब्रिटिश गाडी खरंच सरस होती. बॉनव्हिलचं कोरडं वजन १६५ किलोच्या आसपास, सीबी७५० चं २१८ च्या. नॉर्टनची फेदरबेड चासी १९५० साली मॅकॅन्डलेस बंधूंनी घडवली, आणि तिच्यात ट्रायम्फचं इंजिन बसवून तरुणांनी ट्रायटन बनवल्या, कारण एका कारखान्याची चासी चांगली आणि दुसऱ्याचं इंजिन. १९६९ ला ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावरच्या शर्यतीत माल्कम अपहिल यांनी बॉनव्हिलवर प्रॉडक्शन (म्हणजे दुकानात विकल्या जाणाऱ्या) गाड्यांची ताशी १०० मैलांच्या वरची पहिली फेरी मारली. त्या वेळच्या जपानी गाड्यांची इंजिनं त्यांच्या चासीच्या पुढे गेली होती. शॉक ॲब्सॉर्बर मऊ, वेगात वळताना गाडी नागमोडी जायची. म्हणून तर इंग्लंडमधले रिकमन बंधू होंडाच्या इंजिनांसाठी वेगळ्या चासी बनवून विकत होते.

शर्यतीतला निकालही एकतर्फी नाही. अमेरिकेतल्या डेटोनाची २०० मैलांची शर्यत डिक मॅन यांनी १९७० ला होंडावर जिंकली आणि १९७१ ला बीएसएच्या तीन सिलिंडर गाडीवर. स्लिपरी सॅम नावाची एकच ट्रायडंट १९७१ ते १९७५ सलग पाच वर्षं आइल ऑफ मॅनवर प्रॉडक्शन शर्यत जिंकली. चांगल्या हातांनी बांधलेली ब्रिटिश गाडी काय करू शकते याचा तो पुरावा.

पान्यांची पेटी

आज या गाड्या पाळायच्या असतील तर फरक हातात पाना घेतल्यावर कळतो. जुन्या ब्रिटिश गाडीवर व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचे आटे आहेत, बारीक सायकल आटे आहेत, आणि साठच्या दशकाच्या शेवटी शेवटी युनिफाइड आटेही आले. एकाच गाडीवर तिन्ही सापडतात. व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडा नटाच्या डोक्याचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो, त्यामुळे पाव इंची पाना बघायला पाव इंचापेक्षा दुप्पट रुंद निघतो. जवळपास बसणारा मिलिमीटरचा पाना लावला की नटाचे कोपरे मारले जातात. जपानी गाडीला १०, १२, १४, १७ चे पाने पुरतात. तिथे फसवणूक स्क्रूमध्ये आहे. तिचे चौफुली स्क्रू फिलिप्सचे दिसतात पण जपानी मापाचे असतात. साधा स्क्रू ड्रायव्हर त्यात वर चढतो, घसरतो आणि डोकं खाऊन टाकतो. जपानी मापाचा स्क्रू ड्रायव्हर आधी घ्या, मग गाडीला हात लावा.

विजेचंही तसंच. जुन्या ब्रिटिश गाडीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक चासीला जोडलेलं असतं, जपानी गाडीत निगेटिव्ह. नवा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बघून न लावल्यास पहिल्याच क्षणी जळतो. आणि ब्रिटिश गाडीचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. आपल्याकडे जुनी बुलेट चालवलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. अमेरिकेने सत्तरच्या दशकाच्या मध्यात गिअर डावीकडेच हवा असा नियम केला आणि ब्रिटिश कंपन्यांना जुन्या गिअरबॉक्सला आडव्या सळया जोडून तो पलीकडे न्यावा लागला.

दुरुस्तीच्या बाबतीत माझं मत थोडं वेगळं आहे. जपानी गाडी उघडावी लागू नये म्हणून बनवली आहे, आणि ब्रिटिश गाडी उघडली जाणारच हे धरून. ब्रिटिश इंजिनात बुश (शाफ्टभोवतीची धातूची नळी) झिजला तर लेथवर नवा कातून बसवता येतो. कोल्हापूर, पुणे, मुंबईत चांगला लेथवाला हे काम करून देईल. सीबी७५० मध्ये कॅमशाफ्ट ॲल्युमिनियमच्या आधारात थेट फिरतो. ऑइल कमी पडून तो आधार खरवडला गेला की बुश नाही, कातायला काही नाही, दुसरा भाग शोधा. कावासाकी झेड१ चा क्रँक प्रेसने ठोकून जोडलेला असतो, तो उघडायला खास साधनं आणि सरावाचा हात लागतो. शिवाय नॉर्टन आणि ट्रायम्फचे भाग इंग्लंडमध्ये अजून नव्याने बनतात, अमालचे कार्बोरेटरसुद्धा. जपानी कारखाने काही वर्षांनी जुन्या मॉडेलचे भाग बंद करतात. सीबी७५० चे मूळ चार सायलेन्सर आज शोधायला गेलात तर खिसा रिकामा होतो.

या दोन घराण्यांत जितकी भिंत सांगतात तितकी कधी नव्हतीच. कावासाकीची १९६६ ची डब्ल्यू१ ही मेगुरो या जपानी कंपनीच्या ट्विनवरून आली, आणि मेगुरोची ट्विन बीएसए ए७ च्या नमुन्यावर. डब्ल्यू हे नाव कावासाकी आजही चालवते. आणि २०२३ पासून ट्रायम्फची ४०० सीसीची गाडी आपल्या चाकणला बजाजच्या कारखान्यात बनते, नॉर्टनचं नाव २०२० पासून टीव्हीएसकडे आहे.

जुनी गाडी घ्यायला जाणार असाल तर ब्रिटिश गाडी मालकाने आधी सुरू करून ठेवलेली बघू नका. थंड, दोन दिवस उभी असलेली बघा. ऑइलच्या टाकीतली पातळी पाहा, मग किक मारून पाच मिनिटांनी पुन्हा पाहा. पातळी फार वाढली तर ऑइल खाली उतरत होतं, आणि ते मामुली काम आहे. पण सिलिंडरच्या तळाशी, केसच्या दोन अर्ध्यांच्या जोडाजवळ ओल असेल तर इंजिन पुरतं उघडावं लागेल, त्याचे पैसे धरा. जपानी गाडीत इंजिनाच्या केसवरच्या स्क्रूंची डोकी बघा. ती खाल्लेली असतील तर चुकीच्या हातांनी आत शिरकाव केला आहे. टॅपेटच्या टोप्या काढायला मालक तयार असेल तर आत कॅमवर ओरखडे आहेत का ते टॉर्चने बघा. बाजूची पॅनेलं, सायलेन्सर आणि टाकीवरचे बिल्ले मूळचे आहेत का ते तपासा, आणि जे नाही ते कुठे आणि केवढ्याला मिळतं हे कळल्याशिवाय किमतीचं बोलू नका.